भिंतीवरचं कमळ

नगरच्या भुईकोट किल्ल्यातली ती जमीन खडकाळ होती, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे आणून ठेवलेल्या बारा काँग्रेस नेत्यांपैकी जवाहरलाल नेहरूंनी हातात कुदळ घेतली आणि फुलझाडांसाठी वाफे करायला घेतले. खणता खणता जुन्या भिंती लागल्या, गाडल्या गेलेल्या इमारतींचे घुमट लागले. एकदा जुन्या भिंतीवर, दाराच्या वरच्या अंगाला कोरलेलं सुरेख कमळ निघालं. फार खोल खणलेलं सरकारला चालत नव्हतं.

नेहरूंनी याच किल्ल्यात लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या अगदी सुरुवातीलाच हे कमळ येतं. वाचक ते ओलांडून सिंधू संस्कृतीकडे निघून जातो. मी मात्र त्याच्यापाशी अडकून पडलो. राष्ट्राचा इतिहास म्हणून आपण कपाटात ठेवलेला हा ग्रंथ मुळात बापाच्या लेकीला लिहायच्या सवयीतून आलेला आहे, असं मला पुन्हा पुन्हा वाटतं.

ती सवय १९२८ ची. दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती. पृथ्वी कशी झाली, माणूस शेती कधी करू लागला, हे वडील तिला पत्रांतून सांगत होते. पुढे ऑक्टोबर १९३० मध्ये तिच्या तेराव्या वाढदिवशी नैनीच्या तुरुंगातून दुसरी पत्रमाला सुरू झाली. देण्यासारखं हाताशी काही नव्हतं, म्हणून त्यांनी तिला जगाचा इतिहास द्यायचं ठरवलं. ऑगस्ट १९३३ मध्ये डेहराडूनच्या तुरुंगात ती संपली, तेव्हा १९६ पत्रं झाली होती.

नगरला तसं लिहिता येणार नव्हतं. लेक आता पंचविशीची होती आणि ११ सप्टेंबर १९४२ पासून तीही नैनीत कैद होती. दोन तुरुंगांमधल्या पत्रांना सेन्सॉरचा पहारा. त्या काळात मनातलं जायचं ते रोजनिशीत. मे १९४३ मध्ये इंदिरा सुटल्या आणि मग पत्रांचं येणं-जाणं सुरळीत झालं.

या किल्ल्याला युद्धकाळातले कैदी नवे नव्हते. बोअर युद्धातले कैदी नगरला ठेवले होते. पहिल्या महायुद्धात इथल्या छावणीत जर्मन आले, दुसऱ्यात पुन्हा जर्मन-ऑस्ट्रियन. त्यांत गिर्यारोहक हाइनरिख हारर होता. त्याचा मुलगा डिसेंबर १९३९ मध्ये जन्मला तेव्हा बाप इंग्रजांच्या ताब्यात होता. नगरहून देवळाली, तिथून डेहराडून, असा तो हलवला गेला आणि २९ एप्रिल १९४४ रोजी तारा ओलांडून तिबेटच्या वाटेला लागला. ‘डिस्कव्हरी’च्या पहिल्या प्रकरणावर १३ एप्रिल १९४४ ही तारीख आहे. सोळा दिवसांचं अंतर. हाररला निदान युद्ध संपेल तेव्हा सुटू, एवढं माहीत होतं. नेहरूंवर खटला नव्हता, शिक्षा सुनावलेली नव्हती, म्हणून सुटकेची तारीखही नव्हती.

किल्ल्यातल्या त्या बारा नेत्यांपैकी मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा करत आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला उर्दूत पत्रं लिहीत. टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असलेली पत्रं. खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांवर त्यांनी पानंच्या पानं लिहिली आणि तुरुंगाधिकाऱ्याला चांदबिबीच्या इतिहासातलं ‘चीता खान’ हे नाव ठेवलं. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, शेवटची भेटसुद्धा झाली नाही. ही पत्रं १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. नगरमध्ये लिहिलेल्या उर्दू गद्याचा हा ठेवा नगरच्याच किती शाळांत पोरांच्या कानावर पडतो? चिमण्यांचा तो भाग तरी मराठीतून वाचून दाखवायला हवा. ही माझी मनापासूनची मागणी आहे.

नेहरूंचं लिखाण पाच महिने चाललं, हस्तलिखित हजारेक पानांचं झालं. मधेच, २० ऑगस्ट १९४४ रोजी, मुंबईत इंदिरांना मुलगा झाला. आजोबांना ते किल्ल्यातच कळलं. बाळाचं नाव ठेवलं राजीव. राजीव म्हणजे कमळ, आणि कमला हे आजीचं नाव. त्या १९३६ मध्ये लोझानला वारल्या होत्या. नावाच्या जोडीला रत्न, म्हणजे जवाहर.

भिंतीवरच्या कमळाची नोंद त्याच्या चार महिने आधीची आहे. दोन्हींचा संबंध कुणी जोडल्याचं माझ्या वाचनात नाही आणि मीही तो ओढूनताणून जोडत नाही. पण ही दोन पानं शेजारी ठेवून वाचली की नगरची ती खडकाळ बाग डोळ्यांपुढे येते आणि कुदळ बाजूला ठेवून, वाकून माती झटकणारा एक पंचावन्नीतला माणूस दिसतो.

२८ मार्च १९४५ रोजी त्यांना नगरहून हलवलं. नातू सात महिन्यांचा झाला होता. आजोबांनी त्याला अजून पाहिलं नव्हतं.