फाइल आपल्याच मागच्या ओळींकडे बोट दाखवते

वेबसाइट उघडली की पान दिसण्याआधी ब्राउझर निमूटपणे बरंच काही मागवून घेतो: रंगरूप ठरवणारी सीएसएस, पानात हालचाल आणणारी जावास्क्रिप्ट, फॉन्ट, चित्रं. यातल्या मजकुराच्या फाइली बहुतेक वेळा आवळलेल्या अवस्थेत प्रवास करतात. जेक्वेरी ही जुनी, ठिकठिकाणी वापरलेली लायब्ररी घ्या. फालतू मोकळ्या जागा काढल्यावरही ती ९० किलोबाइटच्या आसपास भरते. जीझिप या आवळण्याच्या पद्धतीने आवळली की उरतात साधारण ३०. दोन तृतीयांश ऐवज वाटेतून गायब, आणि तरी पलीकडे एक स्वल्पविरामसुद्धा कमी पडत नाही.

या जादूचं मूळ १९७७ सालच्या एका शोधनिबंधात आहे. जेकब झिव आणि अब्राहम लेंपेल या इस्रायली संशोधकांची कल्पना अशी: एखादा तुकडा आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहायचाच नाही. ‘इतके बाइट मागे जा आणि तिथून इतके उचल’, एवढीच सूचना ठेवायची. जावास्क्रिप्टमध्ये ‘फंक्शन’ आणि ‘रिटर्न’ हे शब्द पावलोपावली येतात, त्यामुळे तिथे ही युक्ती फारच फळते. जीझिपमध्ये जास्तीत जास्त ३२,७६८ बाइट मागे जाता येतं आणि एका सूचनेत ३ ते २५८ बाइट उचलता येतात. यातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे ‘एक बाइट मागे जा, दोनशे उचल’ ही सूचनाही चालते. मागे तर एकच बाइट आहे, मग दोनशे कुठून आणायचे? तो एक उतरवला की उतरवलेलाच पुढच्यासाठी मूळ प्रत होतो, आणि असं करत करत दोनशे भरतात!

एवढ्यावर भागत नाही. उरलेल्या मालात जे वारंवार येतं त्याला आखूड खूण आणि क्वचित येतं त्याला लांब, ही वाटणी डेव्हिड हफमनची. १९५१ मध्ये तो एमआयटीत शिकत असताना प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी अंतिम परीक्षेऐवजी निबंधाचा पर्याय दिला आणि हफमनने परीक्षा टाळण्याच्या नादात हे शोधून काढलं.

मराठीला याचा खास फायदा आहे. इंटरनेटवर रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. पण ते बघा कसे दिसतात: म हा २२४-१६४-१७४, र हा २२४-१६४-१७६, काना २२४-१६४-१९०, ठ हा २२४-१६४-१६०, वेलांटी २२४-१६५-१२८. पहिले दोन आकडे जवळजवळ तेच ते. हफमनच्या हिशेबात त्यांना आखूड खुणा मिळतात आणि तिपटीची उधळपट्टी बरीचशी वसूल होते.

आता या फाइली ठेवायच्या कुठे? ॲमेझॉनने १४ मार्च २००६ रोजी एस-थ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली. २०१६ पासून तिचं एक केंद्र मुंबईतही आहे. ही सेवा म्हणजे स्टेशनवरची क्लोकरूम. जे ठेवाल तेच परत मिळतं, उघडून कोणी घडी घालून देत नाही. म्हणून आवळणं आधीच, फाइल चढवण्यापूर्वी उरकावं लागतं. मला हे गैरसोयीपेक्षा सोयीचंच वाटतं. दर मागणीला फाइल नव्याने आवळणारा सर्व्हर वेळेची काटकसर करणार. एकदाच आवळायचं असेल तर आवळण्याची सर्वांत चिवट पातळी वापरायला काय हरकत आहे?

सगळा खेळ मात्र एका चिठ्ठीवर अवलंबून. फाइलीसोबत ‘कंटेंट-एन्कोडिंग: जीझिप’ ही ओळ नोंदवावी लागते. ती राहिली तर ब्राउझर आवळलेल्या बाइटांनाच सीएसएस समजून वाचू पाहतो. पहिले दोन बाइट ३१ आणि १३९, ही जीझिपची जन्मखूण; पुढे सगळा गिचमिडा. पान उघडतं, पण रंगरूप नाही, जुन्या काळातल्या पांढऱ्या पानावर निळ्या लिंका. उलट बाजूनेही पंचाईत आहे. जीझिप न समजणाऱ्या प्रोग्रामने साधी प्रत मागितली तरी एस-थ्री आवळलेलीच हाती ठेवतं, कारण ‘तुला काय चालतं’ हे ते विचारतच नाही. ती निवड करायला पुढे क्लाउडफ्रंटसारखी वाटप करणारी यंत्रणा बसवतात.

जीझिप फाइलीच्या शेवटी आठ बाइटांची शेपटी असते: चार बाइट मजकूर जसाच्या तसा उलगडला का हे ताडण्यासाठी, चार मूळ लांबीसाठी. चार बाइटांत ४ जीबीपर्यंतचीच लांबी मावते. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. हल्लीच्या काही वेबसाइटांची जावास्क्रिप्ट बघता कोणीतरी तिथवर पोचायचं मनावर घेतलेलं दिसतं.