गणपतीत धोंडस हवंच!

भाद्रपदात दादरच्या बाजारात कोकणातली जाडजूड, पिवळसर तवशी (मोठ्या काकड्या) दिसली की एक तरी घ्या. गिरगाव-लालबागच्या कोकणी घरांत त्याचं धोंडस (काकडीचा गोड केक) होतं.

कृती: फोड चाखून बघा, कडू तवसं नको. साल-बिया काढून किसा. २ वाट्या कीस रसासकट, तुपात भाजलेला १ वाटी तांदळाचा रवा, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची, जायफळ, काजू, चिमूटभर मीठ एकत्र शिजवा. वेगळं पाणी नको; रवा काकडीच्या रसातच फुलतो.

हळदीच्या पानावर थापून ओव्हनमध्ये १८० अंशांवर ४० मिनिटं भाजा. पूर्वी पातेल्याच्या खाली-वर निखारे ठेवत. पूर्ण गार झाल्यावरच कापा, नाहीतर तुकडे मोडतात. सोबत साजूक तूप. यंदा नक्की करा!