लहान प्राण्यांची श्वासनलिका आणि प्रयोगकर्त्याचा हात

बासल येथे १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या शरीररचनेवरील आपल्या महाग्रंथाच्या अखेरीस आंद्रेआस वेसेलियस याने, जिवंत प्राण्याच्या श्वासनलिकेस छेद देऊन तीत बोरूची नळी बसवावी व फुंकर घालावी, म्हणजे मिटलेले फुप्फुस पुन्हा फुलते आणि मंदावलेले हृदय पुन्हा चालू लागते, असे लिहून ठेवले आहे. पुढे १६६४ मध्ये रॉबर्ट हुक याने कुत्र्यास भात्याने हवा पुरवून तोच मार्ग चोखाळला खरा, परंतु त्या मुक्या जिवाच्या यातना पाहून असल्या प्रयोगास आपण पुन्हा सहजी हात घालणार नाही, असे त्याने रॉबर्ट बॉईल यास कळविले. तरीही १६६७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने तो केलाच, आणि प्राण राखते ती फुप्फुसांची हालचाल नसून त्यांत अखंड येणारी ताजी हवा होय, हे सिद्ध केले. ज्ञानाची निकड आणि करुणेचा संकोच यांचा हा झगडा त्या काळी भूल देण्याची सोय नसल्याने अधिकच तीव्र होता.

आज गळा न कापता तोंडावाटे नळी घालता येते, आणि प्रयोग संपल्यावर प्राणी जागा होऊन पुढे जगू शकतो. हा लाभ लहानसहान नव्हे. अडचण आहे ती आकाराची. प्रौढ पांढऱ्या उंदराचे वजन वीस ते तीस ग्रॅम, आणि त्याची श्वासनलिका आतून जेमतेम एक-दीड मिलिमीटर रुंद; सबब माणसाच्या तान्ह्या बाळाची नळीही तेथे निरुपयोगी ठरते, आणि सलाईन लावण्याच्या वीस वा बावीस क्रमांकाच्या सुईवरचे प्लॅस्टिकचे वेष्टणच कामी येते. भूल दिलेल्या उंदरास तिरप्या फळीवर उताणे निजवून त्याचे वरचे पुढील दात रेशमी धाग्यात अडकवितात, जीभ बोथट चिमट्याने हलकेच बाजूस घेतात आणि गळ्यावर बाहेरून प्रखर दिव्याचा झोत टाकतात. कातडीतून व स्नायूंतून आरपार आलेल्या त्या उजेडाने घशाच्या तळाशी एक तेजस्वी ठिपका दिसू लागतो, जो प्रत्येक श्वासागणिक उघडतो आणि मिटतो. तो उघडलेला असतानाच, मऊ तारेच्या आधाराने नळी आत सरकवावयाची असते. लगत मागेच अन्ननलिका असल्याने खातरजमा अवश्य करावी लागते: नळीच्या बाहेरील टोकास जोडलेल्या बारीक नळीतला पाण्याचा थेंब श्वासाबरोबर मागेपुढे सरकला, किंवा धरलेल्या थंड आरशावर वाफ धरली, तर नळी जागेवर आहे असे समजावे. ती फार खोल गेली तर बहुधा उजव्या फुप्फुसातच शिरते, म्हणून छातीच्या दोन्ही बाजू सारख्या उचलतात की नाही हेही पाहावे; यंत्राने द्यावयाची हवा दर श्वासास सुमारे पाव मिलिलिटर एवढीच असते, आणि तीहून अधिक हवा त्या कोवळ्या फुप्फुसांस इजा करते.

सशाची गोष्ट वेगळी. त्याचे तोंड लांबट व अरुंद, आणि स्वरयंत्र इतके संवेदनशील की किंचित स्पर्शानेही ते आकसून मिटते. म्हणून तेथे आधी लिडोकेनचा फवारा मारतात. कुशल हात पुष्कळदा डोळ्यांनी न पाहता, मान सरळ वर ताणून, नळीच्या टोकाशी कान लावून, श्वासाच्या आवाजावरच मार्ग काढतो. गिनिपिगच्या घशात मऊ टाळू जिभेच्या मुळाशी जोडलेली असून मध्ये केवळ एक लहानसे छिद्र असते आणि तोंडात चारा साठून राहतो. माझ्या मते या तिघांत सर्वांत कठीण तोच.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तत्त्वे, म्हणजे प्राण्याऐवजी पर्याय शोधावा, संख्या घटवावी आणि पद्धत सौम्य करावी, आज सर्वमान्य झाली आहेत, आणि भारतातही १९६० च्या कायद्याखाली प्रत्येक प्रयोगास प्राणी-नीतिसमितीची मंजुरी लागते. परंतु मंजुरीचा कागद हातास कसब देत नाही. पहिला सराव प्रतिकृतीवर अथवा अन्य कारणाने मेलेल्या प्राण्यावरच झाला पाहिजे. आणि एकदोन प्रयत्न फसल्यावर, सूज येऊन मार्गच बुजण्याआधी, हात आवरून प्राण्यास प्राणवायू द्यावा व त्यास सावरू द्यावे. असे फसलेले प्रयत्न किती झाले हे दप्तरी नोंदवावे व प्रसिद्ध होणाऱ्या निबंधातही द्यावे, कारण दुखावलेल्या गळ्याच्या प्राण्यापासून मिळालेली आकडेवारी निरोगी प्राण्याची म्हणून वाचकाच्या हाती देणे हा त्या प्राण्यावर आणि शास्त्रावर सारखाच अन्याय आहे.