सलामही पूर्ण मापाचा असावा

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील कोणत्याही बाजारात जा. मुस्लिम बांधवांच्या दुकानांत दिवसभर सलाम कानी पडतो. मात्र तो बहुधा घाईचा, 'सामालेकुम' असा असतो. आम्हीही तीस वर्षे कापड फाडता फाडता, मान वर न करता, तसाच करीत आलो.

परवा मकतबमधून आलेला आमचा सहा वर्षांचा नातू गादीजवळ येऊन म्हणाला, "दादाजी, तुम्ही 'ल' खाल्ला!"

आम्ही हसलो, पण गोष्ट खरी होती. अरबीत 'सलाम' म्हणजे शांती, सलामती. 'साम' म्हणजे मृत्यू. मदिनेत काही लोक मुद्दाम जीभ वळवून हा दुसरा शब्द उच्चारीत, असे हदीसमध्ये आले आहे. आपला हेतू तसा नसतो. पण मीटरमागे बोटभर कापड कमी गेले, तर गिऱ्हाईक आपला हेतू विचारीत नाही.

मुलांना शिकवणे अवघड नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला तुकडे करून सांगावे: अस्-सलामु, अलै-कुम. मग जवाब: व अलैकुमुस्सलाम. जवाबात शब्द उलटे येतात, त्यामुळे मुलांना तो खेळच वाटतो. सोबत अर्थही सांगावा: 'तुमच्यावर शांती असो' आणि 'तुमच्यावरही शांती असो'. 'अलैकुम'मधील ऐन घशातून निघतो. उर्दूत तो अलिफसारखाच बोलला जातो, देवनागरीत त्याला अक्षरच नाही. म्हणून तो उस्तादांकडून कानानेच शिकावा.

पुढे 'व रहमतुल्लाह' आणि 'व बरकातुहू' जोडावे. हदीसप्रमाणे नुसत्या सलामच्या 10 नेक्या, पहिली जोड दिली की 20, दोन्ही दिल्या की 30. व्यापाऱ्याच्या मुलाला हा हिशेब चटकन कळतो! जवाब त्याहून चांगला, निदान तेवढाच तरी द्यावा, असा सूरह निसाच्या 86व्या आयतीचा हुकूम आहे.

लहानाने मोठ्याला आधी सलाम करावा, हा अदब खरा. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) वाटेत मुले दिसली की स्वतः त्यांना सलाम करीत. तेव्हा बांधवांनो, मूल दुकानात आले की आपणच आरंभ करावा. मुले मकतबमध्ये शिकतात आणि गादीवर विसरतात. तो दोष मुलांचा नाही.

आता नातू आला की आम्ही कात्री खाली ठेवतो. आमचा ऐन अजून नीट निघत नाही. नातू रोज तपासतो.