यमाईच्या वाटेवरील चित्रसंग्रह

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, जेथे पर्जन्य बेताचा आणि नागर सुखसोयी त्याहूनही बेताच्या, तेथे राजा रविवर्म्याची तैलचित्रे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले 'माता आणि बालक' हे पाषाणशिल्प एकाच इमारतीत पाहावयास मिळते, असे सांगितल्यास अनभिज्ञ श्रोता ते सहसा खरे मानीत नाही. साताऱ्याहून सकाळी निघून रहिमतपूरमार्गे औंधास जावे, गावातील यमाईच्या देवळापुढची भव्य दीपमाळ पाहावी, आणि मग मूळपीठाच्या डोंगराकडे वळावे. देवीच्या वाटेवरच, चढणीच्या मध्यावर, श्रीभवानी वस्तुसंग्रहालय लागते. सायंकाळपर्यंत घरी परतता येते.

हा संग्रह ज्यांनी उभारला ते भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ साली औंधच्या गादीवर आले. राजाराम महाराजांच्या अमदानीत निर्माण झालेल्या प्रतिनिधिपदाचा वारसा मोठा असला, तरी त्यांच्या वाट्यास आलेला मुलूख जेमतेम पाचशे चौरस मैलांचा, आणि तोही सलग नसून औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असा विखुरलेला होता. अशा तुटपुंज्या वसुलाच्या संस्थानाचा अधिपती शिकार आणि विलायतेच्या वाऱ्या यांत रमला असता, तर कोणी नवल मानले नसते. हे गृहस्थ मात्र सूर्यनमस्कारांचा प्रचार करीत, हरिकीर्तनास उभे राहत, आणि कारभारातून सवड काढून स्वहस्ते चित्रे रंगवीत; त्यांचे 'चित्ररामायण' १९१६ साली प्रसिद्ध झाले. चित्रकारांचा ताफा घेऊन ते अजिंठ्यास गेले, तेथील भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या, आणि १९३२ साली त्या लेण्यांवर इंग्रजीत ग्रंथही सिद्ध केला.

संग्रहालयात नकला पुष्कळ आहेत. युरोपातील विख्यात चित्रांच्या प्रतिकृती पाहून आजचा चोखंदळ समीक्षक नाक मुरडील, आणि केवळ कलेच्या निकषावर त्याचे फारसे चुकणारही नाही. परंतु ज्या रयतेला आयुष्यात पंढरपूरपलीकडचा प्रवास घडणे दुरापास्त, तिच्यापुढे फ्लॉरेन्स आणि अजिंठा मांडावयाचे तर १९३८ साली, म्हणजे हे संग्रहालय खुले झाले त्या वर्षी, नकलेवाचून दुसरा मार्ग कोणता होता? शिवाय मुळांचे दारिद्र्य येथे मुळीच नाही. रविवर्म्याची 'मलबार सुंदरी', धुरंधर, बाबूराव पेंटर आणि माधव सातवळेकर यांच्या कृती, निरनिराळ्या शैलींतील लघुचित्रे, हस्तिदंताचे व चंदनाचे कोरीव काम हे सारे पाहताना एका माणसाची आवडनिवड, तिच्यातील असमतोलासह, प्रत्यक्ष भेटते. माधवरावांचे वडील श्रीपाद दामोदर सातवळेकर हे जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. लाहोरातील बस्तान मोडून १९१८ च्या सुमारास ते औंधास आले आणि तेथेच त्यांचा वेदाभ्यासाचा स्वाध्याय मंडळ हा उद्योग बहरला. पुढे माधवराव महाराष्ट्राचे कलासंचालक झाले.

मूरच्या शिल्पापाशी मात्र हा सारा परिवार परका वाटू लागतो. रविवर्म्याच्या स्त्रीचे वस्त्र, अलंकार, त्वचेची झळाळी यांत डोळा गुंततो. मूरची माता त्या सर्वांस फाटा देऊन केवळ घनतेवर उभी आहे. शेंदूर माखलेल्या तांदळ्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या हात जोडणाऱ्या यात्रेकरूला ती कदाचित आम्हां सुशिक्षितांहून लवकर उमगेल, असे मला वाटते.

संग्रहालयापाठोपाठ, १९३९ साली, महात्माजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साहाय्याने घडलेल्या राज्यघटनेद्वारे बाळासाहेबांनी संस्थानाची सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. हे दोन्ही व्यवहार मी एकाच वृत्तीचे मानतो. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि संग्रहाची व्यवस्था यथावकाश शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आली.

देवीच्या दर्शनास येणाऱ्यांनी येथे तासभर जरूर थांबावे. आणि सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कलाशिक्षकांस विनंती की, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकदा तरी येथे आणून नक्कल आणि अस्सल यांच्यापुढे स्वस्थपणे बसवावे.