घाव वजनदार का वाटतो?

जपानच्या एसएनके कंपनीने 1993 साली ‘सामुराई स्पिरिट्स’ हा गेम पार्लरांत उतरवला. जपानबाहेर त्याला ‘सामुराई शोडाऊन’ म्हणतात. तेव्हा पार्लरांवर ‘स्ट्रीट फायटर 2’चं राज्य होतं आणि सगळा भर वेगावर, ठोशामागून ठोसा गुंफण्यावर होता. या गेमने उलटी वाट धरली. हातात तलवार आहे, तर एक घावही पुष्कळ झाला पाहिजे. वाराची दोन्ही बटणं एकदम दाबली की जोरकस वार निघतो, आणि तो नीट बसला तर समोरच्याच्या ‘लाइफ’चा मोठा लचका तुटतो. पडद्यावरच्या चित्राला वजन नसतं, तरी हा वार हाताला जाणवतो. माझ्या मते या गेमची खरी थोरवी तिथेच आहे.

पडद्यावरचं चित्र सेकंदाला सुमारे 60 वेळा बदलतं. तलवार लागली की गेम मोजक्या चित्रांपुरता दोन्ही लढवय्यांना जागच्या जागी गोठवतो. गेम बनवणारे याला ‘हिट स्टॉप’ म्हणतात. पातं काहीतरी घट्ट कापताना अडतं, हा आपला रोजचा अनुभव. म्हणून हालचाल अचानक तुटली की मेंदू मधला अडथळा स्वतःच गृहीत धरतो. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशॉट यांनी 1940च्या दशकात साध्या आकारांवर प्रयोग केले होते. एक आकार दुसऱ्याला भिडला आणि दुसरा लगेच सरकला, तर ‘याने त्याला ढकललं’ असं आपल्याला विचार न करताच दिसतं. मध्ये जास्त वेळ गेला की दोन हालचाली सुट्या वाटू लागतात. गोठवण्याचा क्षण म्हणूनच जपून बेतावा लागतो. फार छोटा ठेवला तर वार हवेतून गेल्यासारखा वाटतो, लांबवला तर गेम अडखळल्यासारखा. या गेममध्ये तो मोठ्या वाराला छान जुळला आहे.

दुसरी करामत कॅमेऱ्याची. दोघे दूर असले की सारं दृश्य लहान होतं, जवळ आले की मोठं. प्रत्यक्षात कॅमेरा कुठेच नाही. गेम ज्या ‘निओ जिओ’ यंत्रावर चालतो, त्याचा मुख्य प्रोसेसर 12 मेगाहर्ट्झचा मोटोरोला 68000, आणि पडदा 320 बाय 224 ठिपक्यांचा. बहुतेक यंत्रांत मागचा देखावा वेगळ्या थरात रंगवला जाई. इथे देखावा आणि माणसं, दोन्ही 16 ठिपके रुंदीच्या उभ्या पट्ट्या जोडूनच उभी राहतात. या पट्ट्या आडव्या 16 टप्प्यांत आणि उभ्या 256 टप्प्यांत आकसता येतात. फुगवता मात्र येत नाहीत. त्यामुळे चित्रकारांनी हाओमारू, नाकोरुरू या लढवय्यांची चित्रं मोठीच काढली. दिसतं ते ‘जवळ जाणं’, पण जवळून दिसतो तो मूळ आकार, आणि दुरून दिसतो तो आकसलेला.

याची किंमतही दिसते. यंत्र चित्र आकसताना शेजारचे रंग एकमेकांत मिसळत नाही, सरळ काही ठिपके गाळतं. दुरून पाहताना बारीक रेषा तुटतात, आणि आकार बदलताना कपड्यांवरची नक्षी थरथरते.

खेळाच्या रचनेतले दोष मला याहून जास्त खुपतात. तलवारी एकमेकींत अडकल्या की दोघांनी बटणं बडवायची, आणि हरणाऱ्याचं शस्त्र उडून दूर पडतं. निःशस्त्राचे ठोसे दुबळे, म्हणजे मागे पडलेला आणखी मागे. उलट बाजूने संतापाची पट्टी आहे: मार खाल्ला की ती भरते, भरली की वारांना जोर चढतो. एक नियम दरी वाढवतो, दुसरा बुजवतो. अशा दोन उलट प्रतिसादांचा तोल साधावा लागतो. इथे जोरकस वार इतका महाग पडतो, की संतापाला भरून यायला पुरेसा वेळच मिळत नाही. दोन-तीन चुका, आणि फेरी संपली. त्यातच मागून धावणारा हरकारा कधी खायला, कधी बॉम्ब टाकून जातो. मजा येते, पण कौशल्याने जिंकत आणलेली फेरी नशिबाच्या हाती जाते.

घरच्या काही यंत्रांवर हा गेम नेताना काय सुटलं, ते पाहिलं की मूळ रचना किती एकजीव होती हे कळतं. तिथे पट्ट्या आकसण्याची सोय नव्हती. सुपर निन्टेन्डोवर सगळे कायमचे लहान झाले. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर दृश्य कायमचं जवळ राहिलं, आणि अगडबंब अर्थक्वेक हा गडी गेममधूनच गळला. पुढे 2019 मध्ये एसएनकेने याच नावाचा नवा गेम काढला. त्यात माणसं त्रिमितीय आहेत, ठिपके गाळायचा प्रश्नच नाही. तरी मोठा वार बसला की दृश्य अजूनही क्षणभर अडतं.