वृक्षरेषेच्या वर

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वतावरून जाणारा ‘ट्रेल रिज’ रस्ता ३,७१३ मीटर उंची गाठतो. सुमारे ३,५०० मीटरवर स्प्रूस आणि फर हे सूचिपर्णी वृक्ष आधी खुजे, वाकडे होतात आणि मग संपतातच. या वृक्षरेषेच्या वर पर्वतीय टुंड्रा सुरू होतो. जुलैमध्ये आम्ही तेथे गेलो तेव्हा जमीन फुलांनी भरली होती. मात्र ती नीट पाहायला गुडघे टेकावे लागत होते.

जेथे वृक्ष तगत नाहीत, तेथे ही रोपे कशी तगतात? येथे वाढीचा हंगाम जेमतेम सहा ते दहा आठवड्यांचा. एवढ्यात उंच खोड उभारणे परवडत नाही. शिवाय जमिनीलगत घर्षणामुळे वारा मंदावतो आणि उन्हाने तापलेल्या मातीची ऊब मिळते. ‘मॉस कँपियन’ ही वनस्पती उशीसारखी दाट, गोलसर वाढते. स्वच्छ उन्हात या उशीतील तापमान भोवतालच्या हवेपेक्षा १० अंश सेल्सियसनेही जास्त असू शकते. तिची वाढ फार संथ असते. फुलायला दहा वर्षेही लागतात.

प्राण्यांच्या युक्त्या वेगळ्या. मार्मोट उन्हाळ्यात चरबी साठवून सुमारे आठ महिने शीतनिद्रा घेतो. सशाचा छोटा नातलग पिका मात्र झोपत नाही. तो गवत आणि फुले तोडून खडकांच्या फटींत गंजी रचतो आणि हिवाळाभर पुरवतो. दाट केसांमुळे थंडी त्याला सोसते, उष्णता सोसत नाही. हवा तापत गेली तर तो आणखी वर सरकेल. पण शिखरानंतर कोठे जाणार? आपल्या हिमालयातही पिका आणि मार्मोट यांच्या जाती आहेत, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

दुसरा धोका आपल्या पावलांचा. बीट्रिस विलार्ड यांनी १९५९ साली येथे तुडवलेल्या जमिनीचे काही तुकडे कुंपण घालून अभ्यासाला घेतले. अशी जमीन पूर्ववत व्हायला शेकडो वर्षे लागू शकतात, असे त्यांच्या कामातून दिसले. दहा वर्षांनी फुलणाऱ्या रोपाचा विचार केला की यात नवल वाटत नाही. म्हणूनच आम्ही आखलेली पायवाट सोडली नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक सोपा प्रयोग : वाऱ्याच्या दिवशी मैदानावर एक उदबत्ती जमिनीलगत आणि दुसरी डोक्याच्या उंचीवर धरा. कोणता धूर जास्त आडवा होतो ते पाहा. टुंड्रातील रोपे बुटकी का, हे मुलेच सांगतील.